तोंड दाखव, मग बिल्टी

खोका काउंटरवर आला की चाचा आधी त्याला बोटाच्या पेरानं ठोकायचे. टरबूज घेताना आपण ठोकतो तसं, दोनदा. मग मान तिरकी करून ऐकायचे. मग खोका आणणाऱ्याकडे न बघताच विचारायचे, "कोणाचा माल हाय?"

"पार्टीचा हाय, चाचा."

"पार्टीला आईबाप असतील ना. नाव सांग. आन् ते हेल्मेट काढ. तोंड दाखव, मग बिल्टी."

तुम्ही नांदेडहून कधी ट्रान्सपोर्टनं सामान पाठवलं असेल, तर असा एखादा बुकिंगवाला नक्की पाहिला असेल. कानाला पेन, खांद्यावर रुमाल, समोर बिल्टीचं जाड बुक. आपण घाईत असतो, तो नसतो. आपल्याला वाटतं, हा उगाच चौकशा करतो. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मी उन्हातून आले होते. आमच्याकडच्या मुली बांधतात तसा स्कार्फ तोंडाला घट्ट बांधलेला, फक्त डोळे उघडे. मी काउंटरपुढे उभी राहिले. चाचांनी मान वर न करता सांगितलं, "तोंड दाखव, मग बिल्टी."

मी स्कार्फ सोडला. म्हणाले, "मी कामाला आले आहे. कॉम्प्युटरवर."

चाचांनी वर पाहिलं आणि ते कमालीचे ओशाळले. खांद्यावरच्या रुमालानं त्यांनी स्वतः स्टूल पुसलं. "माफ कर बेटा. मला वाटलं गिऱ्हाईक हाय." मग थोड्या वेळानं, "किती शिकलीस?"

"बी.कॉम."

"घरात अजून कोण शिकलेलं हाय?"

"कोणी नाही. मीच पहिली."

त्या दिवसापासून माझं नाव बी.कॉम. पडलं. मी बिलोली तालुक्यातल्या लहान गावची. वडील शाळेत शिपाई, आई अंगणवाडीत मदतनीस. शहरात पगार मिळणारी ती माझी पहिली खुर्ची होती आणि ती जाऊ नये म्हणून मी सगळ्यांचं सगळं ऐकत असे. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

चाचांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येकाला नाव विचारलं, त्याच्याबद्दल नावाशिवाय लिहायचं, हे त्यांना मुळीच आवडलं नसतं.

माझं काम सोपं होतं. चाचा हातानं बिल्टी लिहीत, मी ती कॉम्प्युटरवर चढवत असे. बिल्टी म्हणजे मालाचा कागद. पाठवणारा कोण, घेणारा कोण, नग किती, आत काय. तिच्या चार प्रती. एक पाठवणाऱ्याला, एक घेणाऱ्यासाठी, एक ड्रायव्हरजवळ, एक ऑफिसच्या बुकात. तिकडे माल घ्यायला जाणाऱ्यानं आपली बिल्टी जमा करायची आणि नग उचलायचे. माल आणि बिल्टी दोन्ही एकाच्या हातात कधी राहत नाहीत. चाचांनी मला शिकवलेला पहिला धडा हा होता.

चाचांचं अक्षर ओळखू येण्यासारखं होतं. चौथीपर्यंत ते उर्दू शाळेत होते, पुढे मराठी. त्यामुळे त्यांची मराठी अक्षरं डावीकडे कलंडलेली असत, जणू लिहिता लिहिता त्यांना माघारी फिरायचं आहे. सुरुवातीला मला वाचता येत नसे. मग इतकी सवय झाली की सरळ अक्षर विचित्र वाटू लागलं.

एकदा एक निवृत्त गुरुजी खोका घेऊन आले. म्हणाले, "पुस्तकं आहेत. लातूरला मुलीकडे."

चाचांनी ठोकलं. ऐकलं. "गुरुजी, पुस्तक असं बोलत न्हाई."

गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लोणचं आहे. बायकोनं घातलं. जावई मोठे अधिकारी आहेत, ते म्हणतात लोणचं काय ट्रान्सपोर्टनं पाठवता."

"मंग लोणचं लिवू ना. लाज कशाची? पुस्तक म्हणून पाठवलं तर हमाल आडवं टाकंल, आन् जावयाच्या दारात तेल जाईल." चाचांनी बिल्टीवर ठळक लिहिलं, लोणचं, उभं ठेवणे. गुरुजी जाताना त्यांना नमस्कार करून गेले.

चाचांच्या अंगात बहुतेक एक पांढरा कुर्ता असे. त्याची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. ती ते दुमडून घेत. मी एकदा हसले, तेव्हा म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या बालाजीनं शिवला. चांगला टेलर हाय. पर हात हलून राहिले त्याचे."

"म्हातारे आहेत का?"

"तुझ्यापेक्षा चार साल मोठा असंल. खोकल्याचं औषध पितो. खोकला नसताना."

खोकल्याच्या औषधाची नशा असते हे मला पेपरमुळे माहीत होतं. बाटली कशी मिळते, ते चाचांना बालाजीनंच सांगितलं होतं. फोनवर एका नंबरला निरोप टाकायचा. पैसे तिकडे गेले की एक फोटो येतो. कुठल्यातरी भिंतीचा, कुठल्यातरी विजेच्या डीपीच्या डब्याचा. तिथे जायचं, मागे हात घालायचा, बाटली असते. ठेवणारा दिसत नाही, घेणाऱ्याला तो विचारत नाही.

"पहिले गांजावाला म्हणजे माणूस होता," चाचा म्हणाले. "कोणाचा कोण, कुठं बसतो, सगळ्या गल्लीला ठावं. त्याला शिव्या देता येत होत्या. त्याच्या आईकडं जाऊन सांगता येत होतं. आता शिवी द्यायची तर नंबरला द्यावी लागते, आन् तो नंबरबी उद्या बंद."

तरीही चाचा बालाजीकडेच कपडे टाकत. "काम हाय तवर त्याला सकाळी उठायला कारण हाय," एवढंच म्हणत आणि बाही दुमडत.

आता ती चूक सांगते. ती फक्त आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकेल, अशी चूक.

आमच्या धंद्यात 'सेल्फ' नावाची पद्धत आहे. घेणाऱ्याच्या जागी नाव लिहायचंच नाही, 'सेल्फ' लिहायचं. तिकडे जो बिल्टी घेऊन येईल, माल त्याचा. व्यापाऱ्यांना ती सोयीची असते. गिऱ्हाईक ठरायचं असतं, दर ठरायचा असतो, तोवर माल तर निघतो. वर्षानुवर्षं चाललेली पद्धत, तिच्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

चाचा परक्याला सेल्फ देत नसत. पण ओळखीच्या पार्टीची गोष्ट वेगळी. तिथे फोन पुरे. औषधांची एक जुनी एजन्सी होती. तिच्या मालकाला चाचा तीस वर्षं ओळखत होते, ईदला एकमेकांकडे जाणं होतं. मालक वारल्यावरही एजन्सीतून फोन येत राहिले. "चाचा, ॲटोत नग पाठवून राहिलो. लातूर. सेल्फ टाका." चाचा टाकत. नग येत, एजन्सीचं बिल सोबत असे, त्यावर लायसनचा नंबर असे. चाचा ठोकत, आत बाटल्या वाजत, बिलावर औषधंच लिहिलेली असत. तोंड कोणी दाखवलं नाही आणि चाचांनी विचारलं नाही. ओळखीच्याला तोंड काय विचारायचं?

एका दुपारी लातूरच्या रस्त्यावर आमची गाडी तपासली गेली. त्या नगांमध्ये खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या होत्या, एका गावाला दहा वर्षं खोकला झाला तरी पुरतील इतक्या. ज्या औषध दुकानांच्या नावानं ती बिलं होती, त्यांच्यापैकी एका पत्त्यावर मोबाईल रिपेअरिंग होतं आणि एका पत्त्यावर नुसतं मोकळं रान. घेणारा कोण? सेल्फ. फोन करणारा नंबर? बंद. सापडला एकच माणूस, जो गाडीवर होता. आमचा ड्रायव्हर गंगाधर.

गंगाधरला तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. सहा फूट उंच, आणि गाडीत चिमणीच्या पिल्लासाठी पाण्याचं झाकण ठेवणारा. चाचांनी दिलेल्या बिल्टीवर त्यानं कधी नजरही फिरवली नाही. चाचांनी लिहिलं म्हणजे झालं.

सेठनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मधे काचेचं दार, मला सगळं ऐकू येत होतं.

"ते पान फाडून टाका," सेठ म्हणाले. "गाडी आपली, पण माल ड्रायव्हरनं रस्त्यात परस्पर घेतला. आपल्याकडून बुकच झाला नाही. त्याच्याजवळची बिल्टी बनावट आहे असं वकील म्हणतील."

"आन् गंगाधर?"

"त्याचं बघू. त्याच्या घरी काही कमी पडू देणार नाही. चाचा, पान राहिलं तर पहिल्यांदा तुम्ही आत जाल. अक्षर तुमचं आहे."

"हाव," चाचा म्हणाले. "अक्षर माझं हाय, म्हणून तर पान राहू द्या म्हणून राहिलो."

"उद्यापर्यंत विचार करा."

मग सेठ बाहेर आले आणि माझ्या टेबलाजवळ थांबले. शांतपणे म्हणाले, "ताई, ती एंट्री काढून टाका." मी काढली. एक बटण दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. मला माझी खुर्ची दिसत होती, वडिलांचा फोन दिसत होता, गंगाधर दिसत नव्हता.

संध्याकाळच्या आत गंगाधरची बायको आली. कुठल्या कुठून दोन गाड्या बदलून. ऑफिसच्या पायरीवर बसली आणि चाचांना म्हणाली, "चाचा, त्यानं केलं काय वो? मला नीट सांगा. लोकं काहीबाही बोलून राहिलेत."

चाचा तिच्याजवळ पायरीवर बसले. "त्यानं गाडी चालवली, बाई. केलं ते मी केलं. मी न बघता लिवलं."

"मंग तुम्हाला धरत्याल का आता?"

"धरले तर धरले."

ती गेल्यावर मी चाचांना सांगितलं की एंट्री मी काढली. मला वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच परत ठेवला. "मशीनमधलं गेलं, जाऊ दे," ते म्हणाले. "कार्बन हाय."

"चाचा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटून राहिली ना. लई वाटून राहिली. पर भेव वाटलं म्हणून अक्षर बदलत न्हाई, बेटा."

त्यांनी बिल्टीचं बुक रुमालात गुंडाळलं, पोळ्या गुंडाळाव्यात तसं, आणि ॲटोला हात केला. पोलीस ठाण्यात त्यांना बाकावर बराच वेळ बसावं लागलं. साहेबांनी समजावलं की बाबा, तुम्ही स्वतःच्या पायानं अडकायला आलात. चाचा म्हणाले, "अडकवा. पर पान घ्या, आन् घेतल्याची पोच द्या." जबाब घेऊन त्यांना घरी जायला सांगितलं, पण पोच घेतल्याशिवाय ते उठले नाहीत. तीस वर्षांची सवय.

पुढचे आठ-दहा दिवस चाचा मोकळ्या वेळात जुनी बुकं काढून बसायचे. मी त्यांच्याबरोबर. सेल्फच्या पानांत खुणेसाठी काड्या घालायच्या. हळूहळू दिसायला लागलं. त्या एजन्सीच्या नावानं, मग दुसऱ्या एका नावानं, मग तिसऱ्या, पण नग तेवढेच, वार तोच. हमाल मारोतीनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या सगळ्या नगांच्या सुतळीची गाठ एकसारखी होती. नावं तीन, गाठ मारणारा हात एक.

एजन्सीचं कोडंही सुटलं. मालक वारल्यावर मुलानं धंदा बंद केला, पण लायसन एकाला भाड्यानं दिलं. भाड्यानं लायसन घेणारा कारखान्याकडून रीतसर माल मागवायचा. कारखाना खरा, औषध खरं, बिल खरं, लायसन खरं. खोटं फक्त शेवटचं नाव.

त्या दिवशी चाचांनी माझ्यापुढे चार कोऱ्या प्रती मांडल्या आणि म्हणाले, "ही लोकं कोणी येगळी न्हाईत, बी.कॉम. त्यांनी आपलाच धंदा उचलला. बुकिंग, गोडाऊन, गाडी, डिलिव्हरी. सगळं आपलंच. फरक एकच. आपल्याकडं चार प्रती असतात, म्हणून हरवलेला माल सापडतो. त्यांच्यात प्रत्येकाजवळ एकच प्रत, आन् तीबी काम झालं की फाडायची. कारखान्यावाल्याला लायसनवाला ठावं न्हाई, लायसनवाल्याला लातूरवाला ठावं न्हाई, लातूरवाल्याला बालाजी ठावं न्हाई. मधे एकच माणूस असा, ज्याच्या हातात माल असतो आन् खिशात खऱ्या नावाचं लायसन असतं. ड्रायव्हर. म्हणून तोच घावतो."

प्रती गोळा करत ते म्हणाले, "आन् त्या साखळीत एक कडी मी होतो. बालाजीचा हात मीच हलवला."

मी पुढच्या पानात काडी घातली. असं काही ऐकल्यावर समजूत घालायची नसते, हे मला तेव्हाही कळत होतं.

ही सगळी पानं त्यांनी पोलिसांना नेऊन दिली. लायसन भाड्यानं देणारा मुलगा आणि लातूरचा एक माणूस पकडले गेले. लायसन भाड्यानं घेणारा सापडला नाही, आणि त्यांच्या वर कोण, ते आजही कोणाला माहीत नाही. सेठनी मात्र आपलं म्हणणं सोडलं नाही. ते पान आमच्या ऑफिसचं नाही, आमच्या कॉम्प्युटरवर त्याची नोंद नाही. नोंद नव्हती, कारण ती मी काढली होती.

तेवढ्यात एक दिवस एक अनोळखी माणूस आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, अंगाला मंद वास, बोलणं मऊ. मिठाईचा डबा त्यानं काउंटरवर ठेवला. "चाचा, आपलं वय झालं. कोर्टाचे हेलपाटे आपल्याला झेपतील का? आराम करा. नातवंडांत रमा."

चाचांनी डबा पेरानं ठोकला. ऐकलं. "काय हाय?"

"मिठाई आहे."

"कोणाकडून?"

"आपले हितचिंतक समजा."

चाचांनी बिल्टीचं बुक पुढे ओढलं, कार्बन सरळ केले, कानाचं पेन काढलं. "पाठवणार, हितचिंतक," ते लिहिता लिहिता म्हणाले. "बापाचं नाव?"

माणूस हसला.

"गाव? मोबाईल? घेणाऱ्याच्या जागी माझं नाव लिवतो, पुरं लिवतो, मी लपत न्हाई. तुमची ओळ रिकामी हाय, साहेब. जरा असं वरी बघा, त्या क्यामेऱ्याकडं."

माणसानं वर पाहिलं नाही. जाता जाता माझ्याकडे पाहून तेवढ्याच मऊपणे म्हणाला, "ताई, आपण बिलोलीकडच्या ना? वडील शाळेत आहेत?" आणि निघून गेला.

चाचांनी मारोतीला हाक मारली. "डबा त्याच्या गाडीत ठेवून ये. बिनबिल्टीचा माल आपल्या गोडाऊनला थांबत न्हाई." मग ते दोन ग्लास पाणी प्यायले. म्हणाले, "माणूस लई साधा दिसला, न्हाई का? तुझ्या-माझ्यासारखा. मला वाटलं होतं, काही येगळा दिसंल."

वडिलांची चौकशी ऐकल्यापासून माझं तिथे लक्ष लागेना. दोन महिन्यांत मला लातूरला एका क्लासमध्ये अकाउंट शिकवायची नोकरी मिळाली. पुढे बी.एड. करायचं आहे म्हणून जाते, असं मी सगळ्यांना सांगितलं. कारण खरं होतं, पण अर्धंच.

निघायच्या दिवशी चाचांनी मला काउंटरपुढे उभं केलं. बुक उघडलं आणि माझी बिल्टी लिहिली. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. ठिकाण, नांदेड ते लातूर. घेणाऱ्याच्या जागी त्यांनी माझंच पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सेल्फ नाही. नग, एक. माल, बी.कॉम. आणि खाली डावीकडे कलंडलेल्या अक्षरात, नाजूक, वरची बाजू वर ठेवणे.

"चाचा, मी पळून चालले आहे," मी म्हणाले.

"माल हलला म्हणजे पळाला असं न्हाई," ते म्हणाले. "पत्ता असला म्हणजे बस."

मी गेल्यावर थोड्याच दिवसांत, पोलिसांची ये-जा थांबताच, सेठनी चाचांना काढलं. चाचा घरी बसले नाहीत. आमच्या रांगेत पंधरा-वीस ट्रान्सपोर्ट ऑफिसं आहेत. एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन ते रोज एकेका ऑफिससमोर बसत आणि बुकिंगवाल्यांना एकच गोष्ट सांगत. तोंड पाहिल्याशिवाय सेल्फ देऊ नका. ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर आधी. कोणी चहा पाजायचा, कोणी म्हणायचा, चाचा, धंद्याच्या येळेला नको. एका मालकानं खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवली. चाचा रस्त्यावर बसले. म्हणाले, "हितून तर अजून चांगलं दिसून राहिलं."

एकदा मी सुट्टीत भेटायला गेले तेव्हा विचारलं, "चाचा, इथे बंद केलं तर ते कुरिअरनं पाठवतील. बसनं पाठवतील. काय उपयोग?"

"पाठवू दे. हिंडू दे त्यांना," ते म्हणाले. "आजवर दारात आले की आपण खुर्ची द्यायचो. आता हिंडावं लागून राहिलं ना? चार दारं बंद दिसली तर पाचव्या दाराला घाम फुटंल. मला त्यांना संपवता येत न्हाई, बी.कॉम. मी त्यांचा हमाल व्हणार न्हाई, इतकं येतं." त्या वेळेपर्यंत सात ऑफिसांच्या काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी लागली होती. तोंड दाखवा, मग बिल्टी. सगळ्या पाट्या चाचांच्या अक्षरात.

कुर्त्याच्या दोन्ही बाह्या त्या दिवशी सारख्या होत्या. मी पाहत होते, ते त्यांनी पाहिलं. "तीन महिने झाले, पीत न्हाई," ते हळूच म्हणाले, जसं काही मोठ्यानं म्हटलं तर उसवेल. बालाजी आता पूर्ण बरा आहे, असं मी लिहू शकत नाही. काही महिने बरा असतो, काही महिने नसतो. पण दुकान उघडतो.

हिवाळ्यात मारोतीचा फोन आला. चाचा खुर्चीतच गेले. दुपारच्या उन्हात, रांगेतल्या आठव्या ऑफिससमोर. लोकांना वाटलं, डोळा लागला. त्यांची साक्ष अजून व्हायची होती.

गंगाधर आता परत गाडीवर आहे, हे आधी सांगून टाकते. पण त्या वेळी तो जामिनावर होता, आणि त्याचे वकील मला फोनवर म्हणाले, "बुक आहे, पण ते पान त्यांनीच ऑफिसात बसून लिहिलं, हे सांगणारं आता कोणी उरलं नाही. सेठ म्हणतात बनावट आहे. तुम्ही अक्षर ओळखाल का?"

मी म्हणाले, विचार करून सांगते. मग रात्रभर काही विचार केला असं नाही. कपाटातली फाइल काढली आणि सकाळची बस धरली.

कोर्टाच्या आवारात मी उन्हातून शिरले. तोंडाला स्कार्फ होता. व्हरांड्यात खांबाला टेकून तो उभा होता. तोच पांढरा शर्ट. त्याच्याजवळून मी तशीच निघून गेले असते तर त्यानं मला ओळखलं नसतं. मी त्याच्या समोर थांबले. गाठ सोडली, स्कार्फ काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यानं पाहिलं. मीही पाहिलं. मग आत गेले.

सरळ विचारलं गेलं. हे पान कोणी लिहिलं? मी सांगितलं. कुठे बसून? ते सांगितलं. कॉम्प्युटरवर याची नोंद का नाही? मी म्हणाले, "होती. मी केली होती. नंतर सेठनी सांगितलं म्हणून मीच काढली." सेठ पहिल्या बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली नाही, आणि मीही नाही.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "अक्षर त्यांचंच, कशावरून? तुमच्याजवळ त्यांचं दुसरं काही लिहिलेलं आहे?"

मी फाइलीतून माझी बिल्टी काढून दिली.

ती न्यायाधीशांपर्यंत गेली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग माझा कागद हलक्या आवाजात वाचला. नग, एक. माल, बी.कॉम. नाजूक, वरची बाजू वर ठेवणे. कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हा माल म्हणजे कोण?"

"मी," मी म्हणाले.

ती बिल्टी आता निकालाच्या फाइलीत आहे. बाहेर आल्यावर गंगाधरची बायको म्हणाली, "अर्ज करा ताई, परत मिळंल. चाचांची आठवण हाय." मी अर्ज केला नाही. माल पोहोचला की बिल्टी जमा करायची असते.